नावानं हाक आली त ओ देऊ नका

किस्से म्हंजे मोहफुलं बाप्पा! झाड हलवाले लागत नाई. आपापले पडते, आपन फक्त टोपली घेऊन जायाचं. माह्याजवळ त इतके जमा झाले का खालचे सडून त्याइची दारू व्हाले लागली. म्हनून म्हटलं, बसा, वाटून टाकतो.

पन आधी पैज! ह्या सगळ्याचा शेवट काय झाला अन् कोनाचं काय गेलं, ते ओळखून दाखवा. ओळखलं त माही उजवी मिशी काढून देतो. डावी नाई देत, तिच्यावर बुढीचा जीव आहे. आजवर गार्डसाहेब हरला, सरपंच हरला, यष्टीचा कंडक्टर बी हरला. दोनी मिशा जागच्या जागी आहेत, पाहून घ्या!

मी पत्रू. आलापल्लीच्या अलीकडं सागाच्या जंगलात आमचं गाव. पुरी जिंदगी कटाईच्या कामावर गेली. शाळा मी दुरूनच पाह्यली. दुकानाची पाटी वाचतो, तेबी दुकान ओळखीचं असलं त.

पन टीवीचा अन् पुस्तकाचा शौक भल्ला! दिवाबत्तीच्या टायमाले वछलाच्या घरी आमची बैठक. तिच्या नवऱ्यानं, नामदेवानं, कोरपन्याकडं सिमेंटच्या फॅक्टरीत ठेकेदाराच्या हाताखाली राबून टीवी आनला. टीवी त्याचा, रिमोट वछलाचा. तिसरा चैतूदादा, माह्याच वयाचा गोंड बुढा. जंगलाले तो घरासारखा ओळखते, अन् घरात पाहुन्यासारखा बसते. चौथी ताराबाई.

ताराबाईचं जरा थांबून सांगतो. वछलाची जिवाभावाची मैतरीन. जुन्या काळची मॅट्रिक, विहाराच्या कपाटातलं पुस्तक न् पुस्तक वाचलेली. सीरियल संपली का ते आमाले पुस्तक वाचून दाखवे. खुनाचं, भुताचं, शिकारीचं, जे मागन ते. काय आवाज होता वो! पुस्तकातली म्हातारी बोलली का म्हातारी डोळ्यापुढं उभी राहे, इन्स्पेक्टर बोलला का नामदेव पाय जवळ घेऊन बसे. अन् हासली का टिनावर बसलेल्या कोंबड्या पटापट खाली उड्या टाकत! भूतबित काई मानत नाई. म्हने, "पत्रूभाऊ, भूत पुस्तकातच बरं. पान पलटवलं का गेलं."

* * *

आमची सीरियल भुताची. सासूनं विहिरीत ढकललेली सून, पांढरी साडी, मोकळे केस.

माहं मत विचारान त सून मानूस म्हनून चांगली आहे. पन मले एक सांगा, तिची साडी कोन धुते? इतके साल विहिरीत राह्यते अन् शेवाळाचा एक डाग नाई! सासू झोपली तरी गळ्यात चार हार. अन् भूत अंगावर येनार तेवढ्यात साबनाची ॲड! भूत बी बिचारं थांबून राह्यते, का ह्याइचं आंग धुनं होऊ द्या.

तरी भेव लागते. खोटं काऊन बोलू?

एक डाव सून मान वळवून तोंड दाखवनार, तेवढ्यात लाइन गेली. घुप्प! कोनी श्वास घेत नाई. माह्याजवळ पान्याचा गडू होता. मी हात बुडवला अन् हळूच नामदेवाच्या मानेवर ठेवला.

नामदेव "आई वो!" म्हनून जो सुटला, तो थेट गोठ्यात! लाइन आली तवा आमी जाऊन पाह्यलं. हा म्हशीच्या गळ्याले मिठी मारून उभा, अन् म्हैस आमच्याकडं पाहून राह्यली, का घेऊन जा बाप्पा ह्याले!

वछला म्हने, "लगन झाल्यापासून मले त कदी अशी मिठी नाई मारली!"

* * *

मंग ताराबाईनं शिकारीचं पुस्तक धरलं. शहरातल्या कोन्या सायबानं लिहिलेलं. सायेब जंगलात चालते तवा वर पाहून चालते, आभाळ, पाखरं, फुलं. मी म्हटलं, हा पयल्या पानावरच सापावर पाय देइन. पन नाई, शेवटपर्यंत वाचला! पुस्तकातल्या जंगलात काटा नाई, गोचीड नाई, कोनाले शिंक बी येत नाई.

त्यात मोठा येते. मोठा म्हंजे तो, पट्ट्यावाला. आमी त्याचं नाव घेत नाई. तुमी बी नोका घेऊ, काई खर्च नाई लागत.

त पुस्तकातला मोठा झाडीतून येते, डरकाळी फोडते, मंग झडप घालते. ताराबाईनं डरकाळी अशी फोडली का वछलानं माहाच हात धरला.

चैतूदादा बिडी विझवत म्हने, "ह्याले जेवाचं नसन."

"काऊन गा?"

"जेवाचं असलं त कोनी सांगून येते का?"

सगळे हासले. मंग एकदम कोनीच हासलं नाई. कारन मागच्या साली पल्याडच्या गावची बाई मोह वेचता वेचता गेली. बाजूच्या झाडाखाली तिची सख्खी जाऊ होती, तिले काईच ऐकू नाई आलं. पान बी वाजलं नाई म्हने.

ताराबाईनं पान पलटवलं. पन त्या दिवशी ते पलटवून गेलं नाई.

* * *

म्हनून जंगलवाल्याइनं मुखवटे वाटले. रबराचं मानसाचं तोंड, डोस्क्याच्या मागं बांधाचं. मोठा पाठीकडून येते ना, त्याले वाटलं पाह्यजे का हा मानूस मलेच पाहून राह्यला.

मले मुखवटा देल्ला म्हंजे माकडाले आरसा देल्ला! मी त्याच संध्याकाळी सदरा उलटा घातला, बटनं पाठीवर, मुखवटा मागं बांधला, अन् पाठमोरा चालत बैठकीत शिरलो. आता त्याइले काय दिसलं असन? तोंड त्याइच्याकडं, अन् पाय उलटे!

नामदेव पुन्हा गोठ्यात. पन म्हैस आता शहानी झाली होती. तो दिसल्याबरोबर तिनं दोर तोडला अन् तेच पळाली!

ताराबाई इतकी हासली का कोंबड्या त पळाल्याच, शेजारच्या घरचं लेकरू बी उठलं. म्हने, "पत्रूभाऊ, तुमी मुखवट्यातच ऱ्हा. जास्त चांगले दिसून राह्यले!"

चैतूदादानं मुखवटा हातात घेतला, उलटापालटा केला.

"मोठा आज ह्याले पाहीन अन् वापस जाइन," तो म्हने. "उद्या बी जाइन. परवा म्हनन, ह्याचे डोळे काऊन लवत नाई?"

वछलानं टीवीचा आवाज वाढवला.

* * *

आता आमची मोह वेचाची रीत ऐका.

मोह रातीच पडून राह्यते. उजेड फुटता फुटता नाई गेलं त हरनं अन् गाई साफ करून टाकते. अन् मोह नाई आला त तेलामिठाचे वांधे. ज्याचं झाड त्याचं, बापजाद्यापासून ठरलेलं. आमच्या ओळीत गावाकडून पयलं माहं, मंग वछलाचं, मंग ताराबाईचं, अन् पार नाल्यावर चैतूदादाचं. झाडं दूर दूर, मधात झुडूप, एकाले दुसरा दिसत नाई. अन् मानूस वाकलेला. वाकलेला मानूस म्हंजे मोठ्याले बकरीच!

म्हनून मधामधात हाक द्याची, "कूऽऽऽ!" बाजूच्यानं म्हनाचं, "कूऽऽऽ!" अशी ते हाक नाल्यापासून माह्यापर्यंत येते अन् वापस जाते. जिथी तुटली तिथी सगळ्याइनं कुऱ्हाडी घेऊन पळाचं. आमचं ठानं म्हना, आमची बंदूक म्हना, ते "कू" आहे.

अन् जंगलात नाव घ्याचं नाई. मोठ्याचं नाई अन् मानसाचंबी नाई. चैतूदादाचा बाप सांगे, नाव ऐकलं का त्याले समजते, कोन एकटं आहे.

सीरियलवाल्याले आमची रीत कोनं सांगतली देव जाने! ऐन मोहाच्या दिवसात त्या सुनेनं नवीन तऱ्हा काढली. ज्याले न्याचं, त्याच्या जिवाभावाच्या मानसाच्या आवाजात, नाव घेऊन हाक मारे. जो "ओ" म्हने, तो एपिसोड संपेपर्यंत विहिरीत! पयले नोकर गेला. मंग दीर गेला. दीर भल्ला चांगला ॲक्टर होता हो, त्याले इतक्या लवकर माराले नोको होतं.

झालं! आमच्याइथी ओ देनं बंद.

त्याच हप्त्यातली गोष्ट. नामदेव संडासात बसला अन् डब्बा पाहाते त रिकामा. आतून हाक मारते, "वछला! वछला वो! पानी आन!"

वछला चुलीपुढं दगडासारखी. आमी ओट्यावर बसून ऐकून राह्यलो.

"अवं वछला! ऐकू नाई येत का?"

वछला मले म्हने, "आवाज त ह्याइचाच आहे. पन ते सून बी तसंच करते ना!"

तिकडून नामदेव बोंबलला, "अवं भूत पानी मागत असते काय?"

वछला विचार करून म्हने, "हाव ना! ते त विहिरीत राह्यते, तिले काय पान्याची कमी?" अन् मंग डब्बा घेऊन गेली. डब्बा दाराबाहेर ठेवून धावत वापस आली ते वेगळं!

* * *

ताराबाईनं तिले समजावून पाह्यलं. "वछला, ते सगळं मुंबईत बसून करते वो. पगार घेते त्याचा."

"असन. पन आवाज कसा हुबेहूब निंगते?"

"मशीन असते."

"मंग जंगलात बी असन एखांदी मशीन!" वछला म्हने. "मी सांगून ठेवतो सगळ्याइले. कू केलं त कू करीन. पन जंगलात माहं नाव घेऊन हाक आली त मी ओ नाई देनार. नवरा असला तरी नाई."

नामदेव म्हने, "घरी तरी कुठी देते?"

ताराबाईनं हासत विचारलं, "अन् मी मारली त?"

वछला हासली नाई. "तुले बी नाई तारा. ते तुह्याच आवाजात येइन. माह्या जिवाभावाचं दुसरं कोन आहे?"

ताराबाईचं हासनं मधातच राह्यलं. तिनं वछलाचा हात हातात घेतला अन् पुस्तक उघडलं. त्या दिवशी खुनाच्या कादंबरीचं शेवटाकडचं वाचून राह्यली होती. खुनी कोन ते उद्या, म्हने.

चैतूदादा जाता जाता माह्या कानात बोलला, "पत्रू, हे बरोबर नाई. भेवलेला मानूस कू नाई करत गा. भेवलेला मानूस नावच घेते."

मी म्हटलं, "तू कायले फिकर करते? मी आहो ना!"

तो माह्या मिशीकडं पाहून गेला. दुसऱ्या दिवशी सोयऱ्याच्या घरी लगन, म्हनून तिकडूनच भामरागडच्या गाडीत बसला.

* * *

म्हंजे सकाळी नाल्यावर कोनी नाई. आता ताराबाईच शेवटची. तिची हाक ऐकू जाइन त फक्त वछलाले. माह्यापर्यंत काई ताराबाईचा आवाज येत नाई, मधात झुडूप अन् उतार.

गार्डसाहेबानं आदल्या दिवशीच सांगतलं होतं, नाल्याच्या रेतीत पंजा दिसला म्हून. पन मोह असा पडला होता, जसा कोनं चटईच आंथरली.

मी वाकलो, वेचलं, "कूऽऽऽ!" केलं. वछलाची "कूऽऽऽ!" आली. पुन्हा केलं. आली. कंबर सरळ करून बिडी काढली, केलं.

नाई आली.

बिडी हातातून पडली. मी आणखी जोरात केलं. जंगलात माहीच हाक फिरून माह्याजवळ आली. मी कुऱ्हाड उचलली अन् ह्या वयात जसा पळालो, तसा जवानीत पोलीस पाठीमागं असून नव्हतो पळालो!

वछला झाडाखाली बसली होती. टोपली डोस्क्यावर पालथी, दोनी हात कानावर, डोळे गच्च.

"वछला!"

तिनं कान अजून दाबले. नाव घेतलं ना मी! मंग तिच्या तोंडाजवळ जाऊन हळूच "कू" केलं, तवा डोळे उघडले.

"आली पत्रूभाऊ."

"कोन?"

"सून. कवाची माहं नाव घेऊन राह्यली. 'वछला वो, धाव वो वछला.' रडून रडून हाक मारे. मी ओ नाई देल्ली. एक बी नाई देल्ली."

"कोनाच्या आवाजात?"

वछलाचे ओठ सुकून गेले होते.

"ताराच्या."

मी कान देल्ला. काईच नाई. पाखरू नाई, पान नाई. वानेर बी चूप.

"मंग आता काऊन नाई येत हाक?"

"मी ओ नाई देल्ली ना. म्हनून गेली ते..." अन् बोलता बोलताच तिचं तोंड पांढरं पडलं. टोपली खाली पडली. माह्याकडं पाहून म्हने, "पत्रूभाऊ, तूच काढला ना आवाज? मस्करी केली ना? म्हन ना हाव! म्हन ना गा!"

जिंदगीत पयल्यांदा वाटलं का मस्करी माहीच असती त बरं झालं असतं.

मी नाई म्हटलं. वछला जे सुटली! "तारा! तारा!" करत. ना कू, ना रीत. मी मागून टोपली कुऱ्हाडीनं बडवत, बोंबलत. त्या आवाजानं बाकीच्या ओळीतले लोकं बी डब्बे वाजवत आले.

ताराबाईची टोपली सांडलेली. मुखवटा बाजूले पडलेला, त्याचा गाल चावून काढला होता. अन् झाडाच्या बुडाशी मोठा. बसून होता बाप्पा! आमी सीरियल पाहाले बसतो ना, तसा. मान वर करून, घाई नाई.

आमचा गोंगाट ऐकून उठला. आळस देल्ला. एक डाव वर पाह्यलं, एक डाव आमच्याकडं, अन् नाल्याकडं चालाले लागला. चालला, पळाला नाई.

वर दुफांदीत ताराबाई. फांदीले अशी बिलगली होती का सालीचे वळ गालावर. डोळे उघडे, पन आमाले पाहून नाई राह्यली. तिचं तोंड मात्र चालूच. उघडे, मिटे. उघडे, मिटे. खालून सगळ्याइले समजत होतं ते काय म्हनून राह्यली. वछला. वछला. वछला.

आवाज नव्हता.

* * *

चंद्रपूरच्या डाक्टरनं गळ्यात लाइट मारून पाह्यलं. म्हने, गळा चांगला आहे, काई तुटलं नाई, येइन आवाज. पावसाळा गेला, धान कापून झालं, अन् आता पुन्हा मोह पडाले लागला.

बैठक रोज भरते. सीरियल चालूच आहे, सून अजून त्याच साडीत. खुनाच्या कादंबरीचं वाचन आता वछला करते, पार पयल्या पानापासून. चौथीपर्यंत शिकलेली, दर अक्षराले अडते. ताराबाई बाजूले बसून बोट ठेवते, चुकलं का मांडीवर टिचकी मारते. एका बैठकीले एखांदं पान बी होत नाई. खुनी कोन ते अजून आमाले समजलं नाई, अन् कोनी पुढचं विचारत बी नाई.

पन वछला ओ देते. कोनीबी, कोनालेबी हाक मारू द्या. रस्त्यावर भंगारवाला ओरडला, ओ! यष्टीचा कंडक्टर ओरडला, ओ! शेजारनीनं लेकराले बोलावलं, ओ! नामदेव संडासातून हाक मारते, त डब्बा दोनदा भरून येते.

कालची गोष्ट. टीवीवर सून विहिरीतून वर आली, केस मागं टाकले, अन् कोन्या पोरीच्या नावानं अशी हाक मारली का नामदेवानं गोठ्याकडं पाह्यलं.

तेवढ्यात चुलीपासून वछला ओरडली, "ओऽऽऽ! आली वो तारा, आली! थांब!" अन् हातात कलथा घेऊन धावतच आली.

नामदेव म्हने, "अवं, तुले नाई! टीवीतल्या पोरीले हाक मारून राह्यली ते!"

वछला कलथा घेऊन तशीच उभी. मी पाह्यलं, माह्या बाजूले पोत्यावर बसलेली ताराबाई हासाले लागली. पयलेसारखीच, मान मागं टाकून, पुरं तोंड उघडून, डोळ्यातून पानी येइपर्यंत.

टिनावरच्या कोंबड्या जागच्या हालल्या नाई.